उटी

डुलूथच्या या रस्त्याला उतार इतका
की पिशवीतून एखादं संत्रं निसटलं
तर ते सरोवराच्या काठावरच थांबेल.
हार्लनची राखाडी कोरोला तिथे नाक खाली करून उभी,
मार्च सरला तरी चाकांभोवती काळपट बर्फ.

मार्लिसबाई सपातांवरच बाहेर आल्या.
"बॅटरी गेली आहे. गिअर पार्कमधून हलत नाही.
मुलगा फोनवर म्हणतो, लावा जोर आणि ओढा."

जोर लावायचा नसतो.
हे मला वेंडेलने शिकवलं.
त्याच्या डाव्या हाताला तीन बोटं होती,
त्यामुळे पटवून द्यावं लागलं नाही.

आधी उटी. पुढच्या दोन्ही चाकांना, उताराच्या अंगाने,
बुटाच्या टाचेने ठोकून घट्ट.
आणि गाडीच्या खालच्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही.
बाई नेमक्या तिथेच होत्या.
कोपराला धरून त्यांना फुटपाथवर आणलं.

हँडब्रेक बघितला. खालीच.
"कधी लावायचेच नाहीत,
एक्केचाळीस वर्षं सांगून झालं."

म्हणजे नोव्हेंबरपासून ही अख्खी गाडी
आत कुठेतरी
बोटाएवढ्या एका दातावर तोललेली.
मी हे त्यांना बोलून गेले.
बोलायला नको होतं.
त्या गाडीकडे बघत राहिल्या,
झोपलेल्या माणसाच्या छातीकडे बघावं तसं,
हलते आहे ना.

मागच्या कडीला हूक. माझा ट्रक वर, चढाला.
वायर ताणली, आणखी थोडी,
गाडी चार बोटं मागे आली.
एवढंच पुरतं. दातावरचा भार उतरला
की तो स्वतःहून सैल होतो.
मग हँडब्रेक, करकरत, पहिल्यांदाच.
किल्ली फिरवली, पाय ब्रेकवर दाबून धरला,
गिअरशेजारचं नखाएवढं झाकण
स्क्रूड्रायव्हरने अलगद उचकटलं,
भोकात टोक दाबलं, दांडा मागे घेतला.

ठक्.
इतका लहान आवाज,
पण बाईंना ऐकू गेला.

"न्यूट्रल म्हणजे नक्की काय हो?"
म्हटलं, इंजिन आणि चाकं
एकमेकांना ओळखत नाहीत.
कुणी धरलं नाही तर जिकडे उतार तिकडे जाते गाडी.

त्या जरा गप्प.
पलीकडच्या काठावर, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत
हार्लन त्यांना रोज नवं नाव विचारतो,
हे मला नंतर शेजारणीने सांगितलं.
त्या एवढंच म्हणाल्या,
"मग नीट धरा."

धरली. वायर, उटी, ब्रेक,
एक सुटलं तर दुसरं.
इंचाइंचाने ट्रकवर चढवली.
क्लोकेच्या गिऱ्हाइकाने पैसे रोख दिले,
डिकीतली छत्री मात्र परत पाठवली.

रात्री जाकिटाच्या खिशात ते झाकण सापडलं.
द्यायला हवं.
भोक उघडं राहिलं की आत धूळ जाते.