भ्यायल्या होत्या ना

क्रुक गावातल्या मेथडिस्ट चॅपलमागची खोली.
गुरुवार, सात वाजलेत, हीटर नुसताच खरखरतो
आणि आम्ही नऊ जण ग्रीक क्रियापदांपुढे
भलत्याच पंगतीत बसल्यासारखे.

मी नाइट ड्यूटीच्या आधी येते.
पिशवीत डबा, गणवेश आणि आप्पांचं शुभवर्तमान,
शेवगावच्या धुळीनं कडा तपकिरी झालेलं.
समासात त्यांची शिसपेन्सिल:
इथे थांबणे.
इथे आवाज चढवणे.

डॉक्टर विनशिप फळ्यावर रोमचे कर लिहितात.
माशांवर कर, रस्त्यावर जकात, डोईपट्टी वेगळी.
मला आजवर वाटायचं, हाक आली
नि ते कोळी उठून गेले, इतकंच.
आता मनात येतं, होडीत मागे राहिलेल्या बापानं
त्या वर्षीचा कर कुठून भरला असेल.
आप्पांनी हे कधी विचारलं नाही.
मला एसटीत बसवून दिलं त्या दिवशी
विचारलं असेल, मनात.

मागच्या गुरुवारी मात्र पायाच हलला.
चारांतलं जे सगळ्यांत जुनं, बाई म्हणाल्या,
त्याच्या जुन्यातल्या जुन्या प्रती
रिकाम्या कबरीपासून पळणाऱ्या बायकांवर संपतात.
पुढची बारा वचनं मागाहून कुणीतरी जोडलेली.
मी पान काढलं. त्याच बारांत
आवाज चढवणे, आवाज चढवणे,
एके ठिकाणी तर दोनदा अधोरेखित.
पत्र्याच्या देवळात आप्पांचा घसा फुटायचा तो इथंच.

आणि जुन्या प्रतींतला शेवटचा शब्द: गार.
मला हसू आलं. आमच्याकडे गार म्हणजे
हातपाय पडतात ते,
आणि तो दगडही, एकमेकांवर घासला तर ठिणगी देणारा.
ग्रीकमध्ये मात्र त्याचा अर्थ ‘कारण’, एवढासाच.
इंग्रजीत असं वाक्य संपत नाही.
म्हणून कुणी म्हणतं, पुढचं पान फाटलं,
कुणी म्हणतं, लिहिणाऱ्यालाच धरून नेलं.

‘बायका कुणाशी बोललीच नाहीत,
तर आपल्याला कळलं कसं?’ कॅलमनं विचारलं.
तो प्लंबर आहे, गळती कुठून हे बघायची सवय.

फळ्याकडे न बघता एडिथ रेन बोलल्या.
चौऱ्याऐंशी वर्षांच्या, कोट कधी काढत नाहीत.
‘आई खाणीच्या फाटकावरून परत आली
ती अकरा दिवस मुकी. आम्हाला वाटलं, वाचा गेली.
बाराव्या दिवशी दोरीवर चादर घालता घालता
शेजारणीला सांगायला लागली,
एकदम मधूनच.
चिमटा तसाच दातात.’

हीटर खरखरत राहिला.

मग बाई माझ्याकडे वळल्या. तुमच्या भाषेत?
छापलेलं वाक्य ‘कारण’नं सुरू होत होतं, भारदस्त.
मी ते मिटलं नि घरात बोलतो तसं म्हटलं:
कुणाला काही बोलल्या नाहीत.
भ्यायल्या होत्या ना.

तो शेवटचा ना काय, नकार का?
नाही. प्रश्नही नाही तसा.
समोरच्याकडून एक ‘हं’ येईपर्यंत
वाक्य दारात उभं राहतं, त्यातला तो.
बाईंनी फळ्यावर तो अक्षर अक्षर वाकडा काढला
आणि पुसला नाही.

बिशप ऑकलंडची बस. मग वॉर्ड.
तीन वाजता सहा नंबरचे आजोबा जागे,
काय दिसलं स्वप्नात ते सांगेनात,
नुसता माझा हात धरून ठेवला.
ते झोपल्यावर दिव्याखाली पान उघडलं.
आठवं वचन संपतं, नववं सुरू होतं,
मधल्या कोऱ्या जागेत आप्पांचं काहीच नाही.
एक ठिपका आहे.
पेन्सिल टेकवून थांबले असतील.
किंवा माशी बसली असेल.