सात मिनिटं

आमचं ऑफिस नवं झालं त्याला आता वर्ष होईल.
औलूच्या बंदरापाशी, चौथ्या मजल्यावर,
जिथून डिसेंबरात समुद्र कुठला आणि रस्ता कुठला
हे फक्त दिव्यांच्या खांबांवरून कळतं.

खोटं कशाला बोलू, खुर्ची चांगली आहे.
बारा वर्षं कंबर धरून उठणारी मी
आता कंबर आहे हेच विसरून
लोकांच्या पेन्शनी मोजते.
टेबलं वर-खाली होतात.
प्रत्येकाला एकेक उजेडाचा दिवा;
सकाळी साडेआठला, बाहेर मिट्ट काळोख असताना,
तो अर्धा तास ऊन पडल्यासारखं करतो
आणि आम्ही उन्हात बसल्यासारखं.
वरच्या मजल्यावर सॉना. भिंतीवर खरं शेवाळ,
जे वाढत नाही, वाळत नाही.
सोइली म्हणते, ते पर्मनंट झालंय.

आणि कॉफीचं यंत्र.
अकरा प्रकार, बावीस सेकंद.
बोट लावा, कप घ्या, चालू लागा.

जुन्या ऑफिसात काचेचं एक भांडं होतं,
कान तुटलेलं, तारेनं बांधलेलं.
थेंब थेंब करत भरायला सात मिनिटं घ्यायचं.
धुवायची पाळी कुणाची, यावरून
दोघं जण एकदा आठवडाभर बोलत नव्हते.
त्या जागेचं कौतुक मी करणार नाही.
खिडकीच्या फटीतून वारा यायचा, आम्ही कोट घालून टाइप करायचो;
संडासाची कडी लागत नसे, आत बसून गाणं म्हणावं लागे,
आणि आमच्याकडची माणसं, गाण्यापेक्षा
संध्याकाळपर्यंत कळ काढतील.

पण सात मिनिटं उभं राहायचं म्हणजे
भांड्याकडे तरी किती बघणार?
तैस्तोची बायको कांद्याच्या सालांनी लोकर रंगवते,
हे मला तिथंच कळलं.
मग तिचा गुडघा. मग ते दुसरं दुखणं.
तैस्तो एका खेपेला एकच वाक्य बोले;
आमची आम्ही जोडून घ्यायचो.

दाराशी आता एक पट्टी आहे, चार चेहऱ्यांची,
हसऱ्यापासून रडक्यापर्यंत.
घरी जाताना एक दाबायचा.
महिन्याच्या शेवटी साहेबीण आकडा सांगते, नव्वदाच्या वर.
तैस्तोही रोज हिरवाच दाबायचा. मी पाहिलंय.

जानेवारीत यंत्र बिघडलं.
माणूस हेलसिंकीहून येणार, तोही शुक्रवारी.
सोइलीनं कपाटाच्या तळातून भांडं काढलं, तारेसकट.
"फेकलं कसं नाहीस?"
"फेक म्हणून कुणी सांगितलंच नाही."

आम्ही उभे राहिलो. सवय मोडली होती,
हात कुठं ठेवावेत ते कळेना.
तिसऱ्या मिनिटाला, की चौथ्या, तैस्तो म्हणाला,
"इर्या ऑक्टोबरात गेली."

थेंब पडत राहिले.

ऑक्टोबरात.
म्हणजे तेव्हापासून तो रोज
सात नंबरची कॉफी घेत होता, बावीस सेकंद.
मागे राहिलेल्या जोडीदाराच्या पेन्शनचा अर्ज
त्यानं आमच्याच कप्प्यातून नेला असणार,
कुणाला न विचारता, कप्पा नीट बंद करून.
आणि मी दोन टेबलं पलीकडे,
कंबर न दुखता.

सोइलीनं त्याचा कप आधी भरला.
भांडं त्यानं धुतलं, पाळी माझी होती.

शुक्रवारी दुरुस्तीवाला आला,
वीस मिनिटांत यंत्र चालू करून म्हणाला,
घ्या, पहिला कप कुणाला?
भांडं तेव्हा अर्ध्यावर आलं होतं.
थांब की, म्हटलं, होतच आलंय.
त्यानं घड्याळ पाहिलं, मग खिडकीबाहेरचा बर्फ,
हातमोजे काढून खिशात कोंबले,
आणि जरा वेळानं, भांड्याकडे बघत, म्हणाला,
गाडीत माझा कुत्रा आहे.
त्याला वर आणला तर चालेल का?