कलम सात

पांडवलेणीच्या पायऱ्या चढते आहे.
पिशवीत सत्तेचाळीस पानी मसुदा,
त्यात माझ्यासाठी सोडलेली एक रिकामी जागा:
"निकामी उपग्रह ....... वर्षांत खाली आणावा."

सकाळी दिल्लीहून फोन.
आकडा द्या, मॅडम. एकच.

म्हटलं, सूर्य खवळला तर नऊ.
सूर्य निजला तर तेवीस.
वरची हवा फुगते, ओसरते
गंगापूर धरणासारखी,
फक्त तिथे पातळीची पट्टी रंगवलेली नाही.

पलीकडे खोकला. मग,
"तर 'शक्य तितक्या लवकर' असं घालू?"

अण्णा ओझरला लेथवर होते.
कुणी "जवळपास" म्हणालं की विचारायचे,
जवळ किती आणि पास किती?
त्यांच्या नकाशात मापाशेजारी
चूकही लिहिलेली असायची, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात.

दहाव्या लेण्याच्या ओसरीत भिंतभर ब्राह्मी.
मला वाचता येत नाही, ऐकून माहीत आहे:
विणकरांच्या श्रेणीकडे ठेव, दोन हजार कार्षापण, शेकडा एक.
दुसरीकडे एक हजार, शेकडा पाऊण.

पाऊण!
कुणी म्हणालंच असेल, 'वाजवी व्याज' कोरू या.
आणि कुणी बोटांवर हिशेब मांडत
मान हलवली असेल.
वाजवीतून भिक्षूंना चीवर मिळत नाही.

"बंद करायची वेळ झाली, ताई."
उत्तम गांगुर्डे, गळ्यात शिट्टी.
अंबडच्या दिव्यांवरून एक ठिपका येतो,
उजळतो, विझतो, परत उजळतो.
"विमान?"
"मेलेला उपग्रह. कोलांट्या खातोय."
"मग पडत का नाही?"
"पडतोय. फार हळू."
"कधीपर्यंत?"

हेच तर.

पायरीवर बसून पेन्सिलीने लिहिते: पाच.
म्हणजे उतरण्यापुरतं इंधन आधीच राखून ठेवा,
सूर्याच्या भरवशावर राहू नका.
नऊ आणि तेवीस सूर्याचे.
पाच माझा आहे,
आणि तो माझा आहे हेही लिहायला हवं,
म्हणून खाली बारीक अक्षरात तळटीप:
कुठून आणला, कुठे चुकू शकतो,
कोणत्या साली पुन्हा विचारावं.

तळटीप बहुधा कापतील.

उत्तम बॅटरी धरून वाकला.
"एवढी पानं," म्हणाला,
"आणि तुम्ही पाचच लिहिलं?"