मरतुकीच्या रकान्यात

गाडी पहाटे आली विट्याहून, लेंगऱ्याच्या माळावर.
भोकाभोकांचे खोके, खोक्यात शंभर शंभर,
आणि प्रत्येक भोकातून तेच एक चिवचिवणं,
जणू खोकाच भुकेला आहे.

तीन हजार मोजून घेतली.
मोजताना बोटांना कळतं
कुठलं भरलेलं आहे, कुठलं नुसतंच पिवळं.
नुसती पिवळी मी पदरात ठेवत गेले.
अकरा.

मुलाणी सुपरवायझर म्हणाले, "वहिनी, यांत जीव गुंतवू नका.
मान पिरगाळा, खड्ड्यात टाका, वरून चुना,
आणि अकरा लिहून मोकळ्या व्हा."
वाईट माणूस नाही तो.
त्याला दिवसात नऊ शेडं फिरायची असतात.
मी लिहिलं मरतुकीच्या रकान्यात, निळ्या पेनानं,
खाली सही.

आणि मेलेली अकरा घेऊन स्वयंपाकघरात आले.

दुरडी. तळाला पोतं.
कागद नको, कागदावर पाय घसरून फाकतात,
हे कोंडूबाईनं सांगितलेलं.
साठचा बल्ब, दीड वीत उंचीवर,
खाली आपला तळवा धरून बघायचा:
त्याला सोसेल तेवढंच त्यांना सोसतं.
गुळाचं कोमट पाणी.
चोचीचं टोक बुडवायचं, नाकपुड्या नाही.
मागं चिकटून वाळलेली घाण ओढायची नाही,
ओल्या कापसानं भिजू द्यायची,
लेकीचे डोळे आले होते तेव्हा
चिपडं काढायचे, तशी.

एकाचे पाय दोन दिशांना गेलेले,
एक भिवघाटाकडं, एक मायणीकडं.
लोकरीच्या धाग्यानं जवळ बांधले,
मधे करंगळीएवढी जागा सोडून.
म्हटलं, शिक बाबा सावकाश,
तुझी कुणी हजेरी घेत नाही.

रात्री लाईट गेली.
शेडात गॅसचे ब्रूडर होते, घरात काहीच नव्हतं.
बाटलीत ऊन पाणी भरलं, बाटलीला जुना परकर गुंडाळला,
तिला टेकून मावली तेवढी मावली,
बाकीची माझ्या पोलक्यात.
उताणी निजले ती उजाडेपर्यंत.
कूस बदलली असती
तर रकाना खरा झाला असता.

सकाळी सेलमहून यांचा फोन.
तिकडं ते सोनं गाळतात,
मुशीतल्या आगीचा रंग बघून सांगतात किती तापलंय.
"मर किती?"
"अकरा."
"मग बरं आहे," म्हणाले, आणि खोकले.
बराच वेळ खोकले.
बावीस वर्षांचा तेजाबाचा धूर आहे तो.
फोनवरून तळवा धरून बघता येत नाही.
मी थांबले, खोकला थांबेपर्यंत.

त्या दिवशी चार गेली. दुसऱ्या दिवशी पाच.
जे सगळ्यांत चांगलं खात होतं
ते गुरुवारी पहाटे ताठ झालेलं सापडलं,
चोचीला गुळाचं पाणी तसंच.
रजिस्टरात त्यांना जागा नव्हती, दोनदा कसं मरणार?
शेवग्याखाली पुरली. चुना टाकला नाही.

उरलं ते फाकल्या पायांचं.
आठव्या दिवशी धागा कापला.
पडलं. उठलं. पडलं.
दुपारी मी डाळ निवडत होते
तर सुपापर्यंत आलं, तिरकं तिरकं,
बाजारात वाट चुकलेल्या पाव्हण्यासारखं,
आणि सुपाच्या काठावर मान टेकून झोपलं.

चाळिसाव्या रात्री गाडी लागली.
पायाला धरून, उलटी, एका हातात पाच पाच.
पहाटेपर्यंत हिशेब जुळला.
"मरतूक लई कमी तुमची," मुलाणी म्हणाले, "शाबास वहिनी."
माझ्या चुलीमागं खुडबुड झाली.
त्यांनी ऐकलं असेल.
चहा संपवून किक मारून गेले.

शेड धुतलं, चुना मारला.
एवढं मोठं रिकामं, की आपलीच चप्पल परक्याची वाजते.

संध्याकाळी फोन.
"शेड मोकळं झालं?"
"झालं."
"मग ते मागं काय वाजतंय टकटक?"
"मेलेलं एक आहे," मी म्हटलं,
"त्याला भूक लागलीय."
तिकडून आधी हसू आलं, मग खोकला.
मी ताटात आणखी मूठभर कण्या टाकल्या.