एक किंकाळी, पाचशे रुपये

नंदनवनच्या बिछायत केंद्रवाल्याने पैसे घातले,
म्हणून पहिल्या कथेतला जमीनदार
लग्नाच्या लाल मखमली सोफ्यावर मरतो.
दुसरे भागीदार आमचे मालक, पराते.
म्हणून चारही कथांत, अगदी स्मशानातसुद्धा,
कोपऱ्यात एक कूलर चालू असतो,
आमच्याच दुकानाचा, स्टिकरसकट.
वायर कुठे गेलीय कोण जाणे.

मी तिथे बिलं फाडते, कॉटन मार्केटला.
सिनेमाशी माझा संबंध एवढाच, की
फेब्रुवारीतल्या एका दुपारी पराते म्हणाले,
कुंदाबाई, तुमचा आवाज खडा आहे,
खालून हाक मारली तर गोदामातला पोरगा दचकतो.
त्या पोट्ट्यांना एक किंकाळी पाहिजे, देऊन टाका.

मानेवाड्याच्या एका फ्लॅटमध्ये, न्हाणीघरात,
भिंतींना गाद्या टेकवल्या होत्या.
दिग्दर्शक म्हणजे सोरत्यांचा निरंजन,
इंजिनिअरिंग अर्धवट, कानाला हेडफोन.
मी ओरडले. तो म्हणाला,
काकू, हे त दूध उतू गेल्यावानी झालं.
पुन्हा ओरडले.
हे बस सुटल्यावानी.
काही आठवा ना, भेवाचं.

मी आठवलं.

नंतर तो बराच वेळ हेडफोन काढेना.
मग विचारलं, काय आठवलं, काकू?
म्हटलं, पाल. अंगावर पडली होती एकदा.
त्याने पाचशेची नोट दिली, वर संत्रा बर्फीचा एक तुकडा.

मे महिन्यात लागला, सकाळी अकराच्या खेळाला.
बाहेर शेहेचाळीस. आत आम्ही नऊ जण,
त्यातले पाच एसीसाठी आलेले.
चेटकिणीची पावडर घामाने ओघळून गळ्यापर्यंत आलेली.
दुसऱ्या कथेत घर तेच, पडदे उलटे लावलेले.
तिसरी मध्येच तुटली. बाई कंदील घेऊन
विहिरीकडे निघते, आणि एकदम चौथीची नावं.
ती अजून चालतच असेल.
मागून कोणी ओरडलं,
अबे, हे भूत हाय का वरातीतलं घोडं!
सगळे हसले. मीही हसले, हसण्यासारखंच होतं.

मध्ये मध्ये मी यायचे.
जमीनदाराच्या सुनेच्या तोंडून, हॉस्टेलच्या पोरीच्या,
चौकीदाराच्यासुद्धा: साठीचा माणूस, झुपकेदार मिशा,
तोंड उघडतो आणि मी ओरडते.
अकरा वेळा. मोजलं मी.
पहिल्या वेळी पुढच्या रांगेतला
खारे दाणे तोंडात टाकणारा हात थांबला होता.
पाचव्या वेळेपासून लोक आधीच हसायचे.
एका पोराने तर हुबेहूब नक्कल केली.

पालीला मी झाडूने हाकलते. कधीच घाबरले नाही.

मेडिकलच्या वऱ्हांड्यात, पहाटे चार वाजता,
सिस्टरने त्याचं घड्याळ आणि चपला
एका पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या.
आजूबाजूला माणसं झोपली होती,
चटयांवर, पेपरांवर, डबे उशाला घेऊन,
दोन-दोन रात्रींची जागी, नुकता डोळा लागलेली.
एकीचं लेकरू आत्ताच रडून थांबलं होतं.
मी सही केली. पाय उचलून टाकत
त्यांच्यामधून वाट काढली, जिना उतरले.
खाली चहावाला स्टोव्हला पंप मारत होता.
त्याने विचारलं, कट का फुल?
मी फुल म्हटलं.

त्याला सहा वर्षं झाली, आणि मग त्या गाद्या.

खेळ सुटल्यावर निरंजन पायऱ्यांवर उभा होता,
इस्त्रीचा शर्ट, घामाने पाठीला चिकटलेला.
कसा वाटला, काकू?
म्हटलं, त्या विहिरीवाल्या बाईचं पूर्ण कर.
तो खाली बघून म्हणाला, दुसऱ्या भागात करू.
मग चेहरा उजळला त्याचा:
तुम्हाला आता तरास नाही.
आवाज आहेच आपल्यापाशी.

मी ऑटो केला. दुकानात सीझन होता.
त्या दिवशी बत्तीस कूलर गेले.