पान एकशे बारा

कादंबरीत मी मत्र्याचं मरसूद केलं.
नाव असंच, जिभेवर आलं ते.
ऑफिसातली झुवैना हसली :
अगं, मरसूद म्हणजे ज्याच्यावर पाळत ठेवलीय ते.
मग तर ठेवलंच.

समुद्र दोन गल्ल्या अलीकडे ओढला,
नायिकेच्या खिडकीतून लाँचींचे दिवे दिसायला हवे होते.
मासळीबाजारातला वास घेतला, भाव नाही घेतले.
काळे डोंगर होते तिथेच राहिले,
ते काही माझ्यानं हलले नाहीत.

पाण्याचा कूलर मात्र,
हमीद वांगड्यांच्या दुकानाबाहेरचा,
साखळीला स्टीलचा पेला बांधलेला,
उचलून नेला मशिदीच्या कोपऱ्यावर.
सातव्या प्रकरणात एका माणसाला
पाणी पिता पिता रडायचं होतं,
एकट्यानं.
आणि वांगड्यांच्या दारात कुणी रडलं
की ते आधी चहा मागवतात.

वांगडे हर्णैचे.
छत्तीस वर्षं दिशदाशांच्या गळ्याला गोंडे लावतायत.
पुस्तक हातात घेऊन, चष्मा पुसून म्हणाले,
"माजा दुकान खय हाय यात?"
दुकान नव्हतं.
त्या जागी मी एक कडुलिंब लावला होता,
गोष्टीला सावली कमी पडत होती.
म्हटलं, चाचा, तुम्ही त्या झाडात आहात.
त्यांनी पान उलटलं, पुन्हा मागे आणलं.
"झाडाला भाडा नाय," म्हणाले. "बरा केलंस."

यंदा ऑगस्टात, भर दुपारी,
कस्टमची पावती घामानं हाताला चिकटलेली,
तहान लागली म्हणून मी मशिदीच्या कोपऱ्यावर गेले.
तिथे एक सायकल होती. चाकात हवा नसलेली.
वेड्यासारखी उभी राहिले जरा.
मग मागे फिरले, गल्लीत डावीकडे सरकले
सावलीला.
हात टेकला तो तापलेल्या शटरवर.

कुलूप नवं होतं.
सुट्टीवर गेले की कायमचे,
शेजारच्या घड्याळवाल्याला ठाऊक नव्हतं.
"कोकणी चाचा?" एवढंच म्हणाला,
आणि बोटानं समुद्राकडे दाखवलं,
जो तिथून दोन गल्ल्या लांब आहे.

कूलर चालू होता. घुरघुरत होता.
कुणाच्या मीटरवर, कोण जाणे.
मी दोन पेले प्यायले. तिसरा पिता आला नाही.

काल पुण्याला कळवलं :
दुसऱ्या आवृत्तीत, पान एकशे बारा, झाड काढा,
तिथे शिंप्याचं दुकान घाला, शटर अर्धं वर,
आत मशीन चालू.
कूलरही परत आणा दारात.
संपादिकेचा लगेच फोन :
अहो, मग तो माणूस एकटा रडणार कुठे?

नाही रडणार एकटा, म्हटलं.
चहाची एक ओळ वाढवा.