दहा तेत्री

आमच्या इमारतीतल्या लिफ्टला भूक लागते.
वर जायचं तर आधी दहा तेत्रीचं नाणं भरवायचं;
खाली मात्र ती फुकट सोडते,
जाणाऱ्याला अडवणं तिच्या स्वभावात नाही.

तिबिलिसीचं उत्तर टोक, ग्लदानी,
जिथून बस वळून परत जाते.
नऊ मजले, छत्तीस घरं,
आणि खाली पत्र्याच्या पत्रपेट्यांची रांग.
पत्रं येत नाहीत आता. विजेची बिलं येतात.

मी सहाव्या मजल्यावर. रात्रपाळीची नर्स.
त्या पहाटे पाय माझे नव्हतेच,
कुणीतरी वापरायला दिले होते आणि आता परत मागत होतं.
पर्स उलटी केली:
एक बटण, सूर्यफुलाच्या बिया, थर्मामीटरचं टोपण.
नाणं नाही.
आणि एकतीस नंबरच्या पेटीवर
(ते कुटुंब केव्हाच पोलंडला गेलं)
दहा तेत्री.
अगदी कडेला, हाताला लागतील अशी.

घेतली.
दुसऱ्या दिवशी दोन नाणी ठेवली.

मग पाळतच ठेवली म्हणा ना.
चौथ्यावरची तेकले पाठीवर चेलो घेऊन येते, तिच्याहून उंच,
आणि न बघता पेटीवर हात फिरवते,
आपल्याच घरच्या फडताळात फिरवावा तसा.
टॅक्सीवाला बादरी जाता जाता एक नाणं टाकतो,
म्हणतो, मी फक्त परतफेड करतोय.
ज्याला विचारावं तो परतफेडच करत होता.
नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
मी विचारत राहिले.

नवव्यावरच्या एलगुजाचा संशयही आला नसता.
जन्मभर ट्रॉलीबस चालवली,
आता बटाटे घेताना तराजूच्या काट्याशी भांडतो.
जानेवारीत एकदा मी लवकर सुटले,
तर हा उभा. काखेत भट्टीतली गरम, लांबट शोती,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
खिशातून नाणं काढलं, बाहीला पुसलं,
एकतीसवर ठेवलं
आणि जिन्याकडे वळला.

"आजोबा, लिफ्ट चालू आहे."
कानापर्यंत लाल झाला.
"खिशाला भोक आहे," म्हणाला, "नाणी गळतात."
"रोज? त्याच पेटीवर?"
"भोक हुशार आहे."

एप्रिलमध्ये कंपनीची माणसं आली,
नाण्यांचा डबा उपटून नेला, कार्डाचं यंत्र बसवलं.
एकतीसवर सात नाणी तशीच राहिली.
कुणी उचलली नाहीत, कुणी हलवली नाहीत.
तिसऱ्या दिवशी त्याच पेटीच्या खिळ्याला
सुतळीने बांधलेलं एक कार्ड लटकत होतं.
कुणाचं, माहीत नाही.
त्यात पैसे कोण भरतं, तेही नाही.
संपत नाही, एवढं खरं.

एलगुजा अजून जिन्यानेच चढतो.
आता तर वाचवायला नाणंही नाही.
मी विचारलं, तर शोती दुसऱ्या काखेत घेतली,
जरा वेळ काढला, आणि म्हणाला,
"लामारा वर पावलं मोजते.
गुडघ्यांमुळे दोन वर्षं खाली उतरली नाही.
माझं एकशे साठावं पाऊल वाजलं
की उठते, चहाचं पाणी ठेवते.
लिफ्टने गेलो तर
मी एकदम दारातच उगवेन.
मग ती वाट कधी बघणार?"

सहाव्या मजल्याच्या वळणावर
त्याचा श्वास माझ्या दारातून आत ऐकू येतो,
करवतीसारखा.
काल मी तिथे एक स्टूल ठेवलं,
माझ्या स्वयंपाकघरातलं, एक पाय जरा आखूड.

आज पहाटे पावलं थांबली.
बराच वेळ काहीच नाही.
मग जिनाभर घुमेल असा आवाज:
"हे कुणी ठेवलं इथे?"

मी दाराआडून, मोजे काढता काढता:
"माझ्या घराला भोक आहे, आजोबा.
फर्निचर गळतं."

परत शांतता.
मग आखूड पाय फरशीवर टेकल्याचा
टक्.